पिवळी चौकट

१

त्या सोमवारी आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस पडायचं नाव नव्हतं. वारा असा पडलेला की झाडाचं पान हलेना. ऊन नाही, त्यामुळे सावली नाही. सगळ्या गावावर जुन्या, धुऊन धुऊन विटलेल्या चादरीसारखा एकच एक राखी उजेड. अशा दिवशी वेळेचा अंदाज येत नाही. सकाळचे दहा म्हणा, संध्याकाळचे पाच म्हणा, दोन्ही खरंच वाटतं.

थांबाकाका नेहमीसारखे साडेनऊला कामावर निघाले. थांबाकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बाजारासमोरच्या चौकात तीस वर्षं ते हातात एक गोल पाटी घेऊन उभे राहिले. पाटीवर एकच शब्द, 'थांबा'. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या माणसाला वाचता येणारा पहिला शब्द तो, आणि पुष्कळ वर्षं तोच शेवटचा. पाटी वर करायची, गाड्या थांबवायच्या, माणसं पलीकडे पोचली की पाटी खाली. तीस वर्षांत त्यांच्या चौकात कुणाला साधं खरचटलं नाही. कुणी कौतुक केलं की ते म्हणायचे, यात अक्कल लागत नाही, एक नियम पाळायचा: शंका आली की माणूस धरायचा. लांबून येतंय ते हातगाडीवरचं पोतं आहे की वाकलेली म्हातारी, हे कळत नसेल तर म्हातारी धरायची आणि पाटी वर करायची. पोत्यासाठी गाड्या थांबवल्या तर फार तर चार लोक हसतील.

पुढे चौकाचौकांत शिकणारं मशीन आलं आणि पाटी गेली. पण वर्षभरातच त्यांना ऑफिसातून बोलावणं आलं. मशीन शिकणारं असलं तरी शिकवणारं कुणीतरी लागतंच. तिसऱ्या मजल्यावर बिनखिडक्यांची लांबट खोली, समोर भिंतभर पडदे, आणि मध्ये गावाचा नकाशा. नकाशावर बारा चौकांचे बारा दिवे. प्रत्येक चौकातला कॅमेरा रस्त्याकडे बघायचा आणि मशीन दिसेल त्या माणसाभोवती पिवळी चौकट काढायचं. चौकटी किती, चाल कशी, हे पाहून ते गाड्यांना किती वेळ थांबवायचं ते ठरवायचं. मशीनची खात्री असली की चौकट स्थिर राहायची. खात्री नसली की चौकट लुकलुकायची, टक्‌ असा आवाज व्हायचा, आणि ते चित्र या खोलीतल्या एखाद्या टेबलावर यायचं. टेबलावर दोनच कळा. हिरवी दाबली की 'माणूस', काळी दाबली की 'नाही'. दहा सेकंदांत उत्तर द्यायचं. न दिलं तर ते 'नाही' समजायचं.

खोलीचा कारभार एका तरुण बाईंकडे होता. शिकलेल्या, बोलायला गोड, कायम केसात पेन खोचलेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "काका, तुम्ही जे म्हणाल ते त्याच्यासाठी खरं. त्याला दुसरं काही माहीत नाही."

दुसऱ्या टेबलावर एक निवृत्त कंडक्टर बसायचे. रोज अकराच्या सुमाराला बाई आणि कंडक्टर चहाला जायचे. काकांना ऑफिसच्या चहायंत्रातला चहा म्हणजे कोमट पाण्याला दिलेला धाक वाटायचा, म्हणून ते एकटे बसायचे.

त्या सोमवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी टक्‌ झालं. आठ नंबरचा चौक. पांढऱ्या पट्ट्यांच्या कडेला एक पिवळी चौकट लुकलुकत होती आणि तिच्यात कुणी नव्हतं.

असं व्हायचं. विजेच्या खांबाची सावली पडली की मशीन तिला माणूस समजायचं, आणि काळी कळ दाबायला तेवढं कारण पुरायचं. पण आज ऊनच नव्हतं. काकांनी पडद्याजवळ तोंड नेलं. चौकट एक पाऊल पुढे सरकली आणि थांबली.

शंका आली की माणूस धरायचा. त्यांचं बोट आपसूक हिरव्या कळेवर गेलं. चौकट स्थिर झाली, आठ नंबरच्या गाड्या थांबल्या. मोकळ्या पट्ट्यांवरून ती रिकामी चौकट सावकाश पलीकडे गेली आणि पडद्याच्या कडेशी नाहीशी झाली.

२

मंगळवारी त्याच वेळी पुन्हा टक्‌. या वेळी सात नंबर.

आता काकांनी नीट पाहिलं. माणसं ओळखण्यात त्यांची हयात गेलेली. चेहरे ते कधी बघतच नसत, चाल बघायचे. कोण धावत सुटणार, कोण मध्येच परत फिरणार, कुणाच्या गुडघ्यात कळ आहे, हे त्यांना पहिल्या पावलात कळायचं. आणि रिकाम्या चौकटीलाही चाल होती. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, मग दुसरं. दमल्यामुळे थांबणाऱ्याचा खांदा आधी खाली येतो. इथे तसं नव्हतं. सोबतचं माणूस मागे पडलं की त्याच्यासाठी थांबावं, तसं ते थांबणं होतं.

आणि चौकट एकाला लागते त्यापेक्षा रुंद होती. डावीकडे कुणीतरी चालतंय आणि उजवीकडची जागा मोकळी ठेवली आहे, अशी.

काकांना हसू आलं स्वतःचं. हवेच्या चालीत आपण स्वभाव शोधतोय. पण बोट पुन्हा हिरव्या कळेवर गेलं होतं, तेही विचार करायच्या आधी.

बुधवार त्यांच्या सुट्टीचा. गुरुवारी आले तेव्हा कंडक्टर चष्मा पुसत सहज म्हणाले, काल तुमच्या वाटणीची शंका मला आली, सहा नंबरला, पट्ट्यांवर काळं कुत्रं नाही आणि मशीन म्हणतं माणूस आहे. चहा थांबवून बसावं लागलं. दिलं 'नाही' ठोकून.

काकांनी विचारलं, मग? मग काय, कंडक्टर म्हणाले, गाड्या चालू राहिल्या. चौकट तिथेच उभी राहिली लुकलुकत, बऱ्याच वेळाने विझली.

त्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी शंका आली ती पाच नंबरहून नव्हे, पुन्हा सहा नंबरहून. पट्ट्यांच्या अलीकडे, जिथे काल थांबवलं होतं तिथेच, रुंद पिवळी चौकट उभी.

एखादा माणूस काल पलीकडे जाऊ शकला नाही म्हणून आज पुन्हा येऊन उभा राहिला, तर थांबाकाका काय करतील? त्यांनी तेच केलं. चौकट पलीकडे गेली. मग त्यांनी आपल्या बोटाकडे पाहिलं, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो हात मांडीवरच ठेवला.

३

शुक्रवारी पाच नंबर. त्यांनी हिरवी कळ दाबली तेव्हा बाई चहाहून लवकर परतल्या होत्या आणि मागे उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "काका, यात माणूस कुठे दिसला तुम्हाला?"

काका गडबडले. मग त्यांनी सगळं सांगितलं, सोमवारपासूनचं, अगदी चालीसकट. बाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. खुर्ची ओढून बसल्या आणि समजावून सांगितलं. दिवसभरात आपण ज्या खुणा करतो त्या मशीन रात्रीतून शिकतं. पण नवं शिकलेलं सगळ्या चौकांत एकदम उतरवत नाहीत. रोज एकाच चौकात उतरवून बघतात, सध्या मोठ्या आकड्याकडून लहान आकड्याकडे. सोमवारी तुम्ही रिकाम्या जागेला माणूस म्हणालात. ते शिकून मंगळवारी सातमध्ये आलं आणि तिथे तसंच काहीतरी शोधू लागलं. तुम्ही पुन्हा हो म्हणालात. बुधवारच्या खुणा शिकवणीत घेत नाहीत, म्हणून गुरुवारी ते पुढे सरकलं नाही. बस, एवढंच.

"म्हणजे त्याला भास होतोय," काका म्हणाले.

"शिकणाऱ्याला होतात. आणि तो भास तुम्ही वाढवताय."

काकांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. हिशेब चोख होता, कुठे फट नव्हती. चूक आपली, आपण पोत्याला म्हातारी म्हटलं, आता म्हणायचं नाही. खुशीत ते जागेवरून उठले आणि नकाशासमोर गेले. आठ, सात, सहा, पाच. दिवे एका रेषेत होते, नदीच्या बाजूने गावात शिरणाऱ्या मोठ्या रस्त्यावर.

पुढचा चार नंबर. चार नंबरचा चौक त्यांच्या स्वतःच्या गल्लीच्या तोंडाशी होता.

४

घरी बायको खाटेवर पाय सोडून बसली होती, समोर वॉकर. तीन महिन्यांपूर्वी न्हाणीघरात घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, आता डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलेलं. घरातल्या घरात खाट ते दार आणि दार ते खाट अशा फेऱ्या मारून ती कंटाळली होती. चौकापलीकडे बागेच्या भिंतीलगत एक बाक होता. पूर्वी भाजी घेऊन परत येताना ती तिथे टेकायची. एकदा त्या बाकावर जाऊन बसायचं आणि परत यायचं, एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

काका रोज उद्या म्हणायचे. उद्या पाय आणखी बळकट होईल. उद्या रहदारी कमी असेल. शनिवारी निघताना ते म्हणाले, मी सांगेपर्यंत उंबऱ्याबाहेर पडायचं नाही.

तिने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "तीस वर्षं सगळ्या गावाला रस्ता ओलांडून दिलात," ती म्हणाली, "आणि मला उंबरठा ओलांडू देत नाही."

एरवी ते हसले असते. दोघांचं बोलणंच असं, टोमण्याला टोमणा. त्या दिवशी त्यांनी नुसत्या चपला पायात सरकवल्या. दार ओढून घेताना त्यांनी कडी दोनदा चाचपली. समोर शिंपी आपल्या दुकानात मशीनवर वाकलेला होता. त्याला त्यांनी सांगून ठेवलं, जरा घराकडे लक्ष असू दे. शिंपी म्हणाला, माझं लक्षच असतं काका, सुई एकीकडे आणि डोळे गल्लीत, म्हणून तर बोटं टोचून घेतो.

५

अकरा वाजून दहा. चार नंबर.

रोज ये-जा करायचा चौक वरून, कॅमेऱ्याच्या डोळ्याने, परका दिसत होता. उजवीकडे बागेची भिंत, तो बाक. डावीकडे त्यांच्या गल्लीचं तोंड. बाकाच्या बाजूला, पट्ट्यांच्या कडेला, रुंद पिवळी चौकट लुकलुकत उभी होती. रस्ता ओलांडला की गल्ली. गल्लीत सातवं दार त्यांचं.

बाईंचा हिशेब त्यांना पाठ होता, आणि पटलेलाही होता. काळी कळ दाबायची, संपलं. तरी बोट उचलत नव्हतं. पाठीवर कुणी हात ठेवून वाट बघावी तसं त्यांना वाटत राहिलं. तीस वर्षांत त्यांनी एकालाही रस्त्याच्या कडेला तिष्ठत ठेवलं नव्हतं.

त्यांनी 'नाही' दाबलं.

गाड्या चालू राहिल्या. चौकट तिथेच उभी. एक पाऊल पुढे, पुन्हा मागे. चार मिनिटांनी विझली.

रविवारी पुन्हा तेच. सोमवारी, मंगळवारीही तेच. चौकट तीन नंबरला गेली नाही आणि दोनलाही नाही, रोज चारलाच यायची. बाई म्हणाल्या, एकदा चुकीचं शिकलेलं पुसायला दहादा सांगावं लागतं, तुम्ही 'नाही' म्हणत राहा. काका म्हणत राहिले. फक्त एक गोष्ट त्यांनी बाईंना सांगितली नाही. चौकट विझायला रोज जास्त वेळ लागत होता. मंगळवारी ती बावीस मिनिटं उभी होती.

६

बुधवारी सुट्टी. अकराला ते घरातून निघाले, चौक ओलांडून बाकाजवळ गेले आणि पट्ट्यांच्या कडेला उभे राहिले. मनाशी म्हणाले, लांबून डोंगर साजरे असतात आणि भुतंही लांबूनच दिसतात. जवळ जाऊन पाहिलं की खुंटीवरची पैरण.

चौकात गर्दी होती. ऑफिसातली माणसं, सामानाच्या पिशव्या, एक बाळाची गाडी. दिवा लाल, सगळे खांद्याला खांदा लावून उभे. काकांना कोपर लागत होतं, कुणाची पिशवी गुडघ्याला घासत होती. मग त्यांचं लक्ष गेलं. त्यांच्या डाव्या हाताला जागा मोकळी होती. दोन माणसं उभी राहतील एवढी.

मागून एक जाडा गृहस्थ घाईने आला. रिकाम्या जागेत शिरून पुढे जाणं सोपं होतं. तो तसा गेला नाही. मान मोबाइलमध्ये होती, तरी पाय वळसा घालून गेले. बाळाच्या गाडीवालीनेही गाडी किंचित तिरकी घेतली आणि काकांच्या पुढून काढली. कुणी वर पाहिलं नाही, कुणी काही टाळतोय असं दाखवलं नाही. घरात मध्येच खुर्ची असली की घरची माणसं जशी न बघता तिच्याकडेने जातात, तसं.

काकांनी हात लांब करून बघायचं ठरवलं. हात उचललाही. पण तो पुढे जाईना. भीती म्हणावी तर तशी वाटत नव्हती. अनोळखी माणसाच्या अंगाला आपण होऊन हात लावायचा संकोच वाटतो ना, तेवढाच होता.

तिकडे खोलीत कंडक्टरांनी 'नाही' दाबलं असणार. दिवा आपल्या वेळेलाच बदलला, गर्दी निघाली, काकाही निघाले. मागे वळून पाहायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. ते नुसते कान देऊन चालले. आपल्या मागे पावलं वाजत नाहीत याची खात्री करत घरापर्यंत आले.

बायकोने विचारलं, बाकावर बसून आलात का माझ्या वाटचं? ते म्हणाले, जागा नव्हती.

७

शुक्रवारी एक भलतीच गोष्ट झाली. दोन नंबरच्या पडद्यावर एक म्हातारा काठी टेकत रस्त्यात उतरला. एक पाऊल टाकायचा, थांबायचा, मग दुसरं टाकायचा. त्याच्याभोवती चौकट नव्हती. लुकलुकतीसुद्धा नाही. मशीनने त्याला माणूस म्हणून धरलंच नव्हतं. गाड्यांचा दिवा हिरवाच राहिला. एका टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून तो म्हातारा वाचला.

बाई धावत आल्या. चित्र चार वेळा मागे-पुढे करून पाहिलं. केसातलं पेन काढून पुन्हा खोचलं. मग हळूच म्हणाल्या, "काका, हे आपलंच आहे. आपण सहा दिवस त्याला सांगतोय की जे असं थांबत थांबत चालतं ते माणूस नाही."

त्या म्हणाल्या, सोमवारी सगळं पुसून जुनं शिक्षण परत चढवते, तोवर दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बसा. काकांनी मान हलवली. माणूस स्वतःच्या घराची कडी लावतो तेव्हा ती कडी दुसऱ्या कुणाच्या दाराला लागते आहे, हे त्याला कुठे कळतं? त्या म्हाताऱ्याचा वर उचललेला, गाड्यांना थांबवू पाहणारा हात त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. तीस वर्षं तो हात त्यांचा होता.

८

शनिवारी अकरा वाजता बाई आणि कंडक्टर चहाला गेले. फोन बाहेर कपाटात ठेवायचा नियम होता, काकांचा फोन तिथेच होता.

चार नंबरच्या पडद्याकडे बघायचं नाही असं ठरवूनही ते बघत होते. बाकावर कुणीतरी बसलं होतं. वरून चेहरा दिसत नव्हता. त्या कुणीतरी पुढ्यातला वॉकर सरळ केला, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि उठायला सुरुवात केली. उजवा खांदा आधी, मग कंबर, मग जरा थांबून मान. हे उठणं काकांनी तीन महिने रोज सकाळी पाहिलं होतं.

ती जाताना कशी ओलांडून गेली असेल? गर्दीत कुणाच्या तरी चौकटीच्या आधाराने गेली असेल. आता गर्दी नव्हती. ती एकटी पट्ट्यांच्या कडेला आली. तिच्याभोवती चौकट नव्हती. पडद्यावर प्रत्येक मोटारीला, रिक्षाला, सायकलवाल्याला खूण होती. तिला नव्हती. तिच्या जागी नुसता रस्ता होता.

तिने दिव्याकडे पाहिलं. वाट पाहिली. दिवा बदलेना. मग तिने वॉकरचे पुढचे दोन पाय रस्त्यावर ठेवले.

टक्‌.

चौकट आली. तिच्या डाव्या हाताला, रुंद, लुकलुकती. आणि उजवी बाजू, इतके दिवस मोकळी ठेवलेली, आता मोकळी नव्हती. तिथे ती उभी होती.

पडद्यावर प्रश्न आला: माणूस?

दहा. काका उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. दार लांब, फोन त्याहून लांब. नऊ. आठ. एकच चौकट, एकच प्रश्न, दोन कळा. यातली ही आहे आणि ते नाही, असं सांगायला तिसरी कळ कुणी केलेली नव्हती. सात. 'नाही' म्हणावं तर ती त्या 'नाही'त जाते. 'हो' म्हणावं तर... सहा. त्यांनी बाईंचा हिशेब आठवून पाहिला. भास आहे. रात्रीची शिकवणी, रोजचा एक चौक, कुठे फट नाही. पाच. मग 'हो' म्हणायला तुझं काय जातं? चार. लांबून एक बस वळणावर आली. बायकोने दुसरं पाऊल उचललं.

त्यांनी हिरवी कळ दाबली. दाबली आणि दाबूनच धरली, जणू सोडली तर बस सुटेल.

चौकट स्थिर झाली. दिवे लाल झाले, बस थांबली, सगळा चौक थांबला. मशीनने जेवढा वेळ दिला तेवढा त्या चौकात कुणाला कधी दिला नसेल. ती निघाली. एक पाऊल, थांबा. एक पाऊल, थांबा. चौकट तिच्याबरोबर चालली, तिच्यापेक्षा बोटभर पुढे नाही, मागे नाही. काकांना ती चाल आता नीट कळली. ते थांबणं तिच्या थांबण्याशी तंतोतंत जुळत होतं. आठ नंबरपासून ते याच पावलांचा सराव करत आल्यासारखं.

पलीकडची पायरी तिला चढवेना. वॉकर एकदा लटपटला. मग तिचा डावा हात वॉकरवरून सुटला, थोडा वर उचलला गेला आणि तसाच अधांतरी राहिला, कुणीतरी धरल्यासारखा. ती पायरी चढली. दोघं, म्हणजे ती आणि ती चौकट, गल्लीत शिरली, आणि गल्लीत कॅमेरा नव्हता.

९

ते कुणाला न सांगता निघाले. बसने, मग पायी. चौकात आले तेव्हा दिवा त्यांच्यासाठी लगेच बदलला. दार नुसतं लोटलेलं होतं.

बायको खाटेवर बसली होती. गाल लाल, कपाळावर घाम, आणि इतकी खूश की पुष्कळ वर्षांत पाहिली नव्हती. काका दारातच टेकले. मग त्यांनी आधी न्हाणीघर पाहिलं, मग स्वयंपाकघर, मग खाटेखाली वाकून पाहिलं. ती म्हणाली, काय हरवलं? ते म्हणाले, काही नाही. आणि खरंच काही नव्हतं. दोन खोल्यांचं घर, लपून लपून किती लपणार.

रागवावं असं मनात होतं, पण रागवता आलं नाही. ती सांगत सुटली, जाताना कशी गर्दीबरोबर गेले, बाक कसा गार होता, येताना मध्यावर पाय कसे थरथरले. मग म्हणाली, "पण भीती गेली मग. वाटलं, तुम्हीच आलात कामावरून."

"मी?"

"मान वळवायला जमत नव्हतं. म्हटलं तुम्हीच असणार. दुसरं कोण एवढं सावकाश चालेल माझ्यासाठी?"

काका खाटेशेजारच्या खुर्चीवर बसायला गेले, तर ती पटकन म्हणाली, "तिथे नको, इकडे बसा."

"का?"

तिने खुर्चीकडे पाहिलं, थोडा विचार केला. "असंच," ती म्हणाली.

ते खाटेच्या पायथ्याशी बसले. समोरून शिंप्याचं मशीन ऐकू येत होतं, मध्येच चालायचं, मध्येच थांबायचं. तिला तहान लागली होती, माठात पाणी कमी होतं. काका कळशी घेऊन बाहेर आले.

शिंप्याने पायडलवरचा पाय थांबवला, दोरा दाताने तोडला आणि हसून मान वर केली.

"काकूंना इतकं सांभाळून आणलं, बघून बरं वाटलं हो. पाहुणे मुक्कामाला आहेत का? आत जाताना दिसले, बाहेर पडताना काही दिसले नाहीत."